पायाचं सांगायला आलो

न्हाई न्हाई आप्पा, सतरंजी नका आंथरायला लावू, मला हितं खुर्चीवरच बरंय — मान म्हणून न्हाई वो, तुमच्यापुढं खुर्चीत बसायचा मान कसला, पण खाली बसलो तर उठवायला दोघं लागतील, म्हणून म्हणलं. व्हय, एकटाच आलो. केडगावावनं गाडीवरच. नानांना यायचं व्हतं, पण तुमचा निरोप आल्यापास्नं ते भिंतीकडं तोंड करून पडल्यात — आजारी न्हाईत, नुसते पडल्यात. आई म्हणली, विश्वजित, शब्द तू दिलता, तूच जाऊन निस्तर. चहा नको, पाणी चालंल. आन् तुमच्या भगिनी, साखरबाई आत्या, कुठं दिसत न्हाईत? गोठ्यात? धारा काढत्यात व्हय. बरंय, त्या येईस्तोवर मी सांगून घेतो. त्यांच्यापुढं मला जमायचं न्हाई.

आधी माझं सांगतो, मग प्रांजलचं. रविवारी तुम्ही सगळी तिला बघून निघाला, उंबऱ्याशी आला, नाना वाकले, आमचे चुलते वाकले, आन् मी भिंतीला टेकून लांबनंच हात जोडले. तुम्ही थांबला व्हता आप्पा. मला दिसलं ना — वहाणेत पाय घालता घालता तुम्ही थांबला, म्हणलं असंल, आता पोरीचा भाऊ यील पाया पडायला. पोरीचा भाऊ, आन् नवऱ्या मुलाच्या थोरल्या चुलत्याच्या पाया पडत न्हाई, म्हंजी माणसानं काय समजायचं? मी तुमच्या जागी असतो तर मी बी तेच समजलो असतो. पण माज न्हाई आप्पा. आईशप्पत न्हाई. वाकायला गेलो असतो तर तिथंच पालथा पडलो असतो, आन् पाव्हण्यांच्या अंगावर पडण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं, असा विचार केला. मांड्या भरल्या व्हत्या. हात लावू देत नव्हत्या. त्या दिवशी सकाळी संडासात बसलो तर नळाला धरून उठलो, आन् नळ हातात आला. हसू नका. घरात पाव्हणं येणार आन् मी नळावर चिंधी बांधत बसलेलो.

तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुमच्या मोडलेल्या कानाकडं बघितलं की कळतं माणूस तालमीत वाढलाय. मेहनतीला मोठा खाडा पडला आन् माणूस पुन्हा एकदम लागला की काय व्हतं ते तुम्हाला ठाव हाय. पहिल्या दिवशी काय व्हत न्हाई. पहिल्या दिवशी माणूस खुशीत असतो — म्हणतो, च्यायला, अजून हाय की आपल्यात — माफ करा, तोंडातनं गेलं. दुसऱ्या दिवशी उठताना जरा कुरकुर. आन् तिसऱ्या दिवशी पायरी उतरायची म्हणलं की देव आठवतो. चढायला काय वाटत न्हाई बघा, उतरायलाच जीव जातो. माझा तिसरा दिवस नेमका रविवारी आला. काय केलं म्हंजी? बैठका मारल्या. घरातच, माडीवर. कशाला म्हंजी — पोट सुटलंय आप्पा, बघा की. कुरकुंभला कंपनीत मशीनपुढं उभं राहायचं, कँटीनला वडे खायचे, आन् घरी येऊन झोपायचं. म्हणलं बहिणीचं लग्न तोंडावर आलं, फोटोत पोट यील. म्हणून बैठका. तर माझं हे असं हाय. तुमचा अपमान करायचा नव्हता, एवढं मनातनं काढून टाका.

आता प्रांजलचं. तिच्या पायात दोष न्हाई. तुमच्या निरोपात व्हतं की पोरगी अधू हाय आन् आम्ही लपवलं, फसवणूक केली — ते तसं न्हाई. जन्मापास्नं धडधाकट पोरगी, आप्पा. ती घसरली. शनिवारी, न्हाणीत. साबणाचं पाणी व्हतं, गेला पाय. कुठला म्हंजी? डावा. डावा बघा, घोट्यात. व्हय. न्हाई — उजव्यावर भार देत व्हती म्हंजी डावाच असणार की. काय म्हणता? आत्याबाईंनी दोन्ही पाय अवघडलेले बघितले?

बघितले असणार. त्यांची नजर बारीक हाय. हल्ली कोण पोरीला चालून दाखव म्हणत न्हाई, सुधारलंय सगळं, पाणी मागत्यात. आधी पोहे आले, मग आत्याबाई म्हणल्या, बाळ, तांब्याभर पाणी आण गं. मग म्हणल्या, फुलपात्र आण. मग म्हणल्या, बडीशेप हाय का. आमच्या स्वयंपाकघरातनं पुढच्या खोलीत यायला एक पायरी हाय, उतरती. एकच, पण उंच, नानांनी गवंड्याचं ऐकलं न्हाई त्याचं फळ. दरवेळी ती त्या पायरीशी यायची, चौकटीला धरायची, आन् आधी एक पाय टाकून मग दुसरा खाली घ्यायची. बडीशेपच्या टायमाला ताटली एका हातात, चौकट दुसऱ्या हातात, आन् चेहरा असा हसरा ठेवलेला, दात दाबून. मी समोर बसून बघत व्हतो. मला ठाव व्हतं तिला कुठं दुखतंय. जिथं तिला दुखत व्हतं तिथंच मला दुखत व्हतं. मग कुंकू लावायला तिला पाटावर बसवली, ओटी भरली, आन् ती उठंना. हात टेकला, उठंना. शेवटी आईनं बगलेत हात घालून उठवली. आत्याबाई म्हणल्या, पाय लचकलाय का गं? मनातनं म्हणलं, व्हय म्हण, व्हय म्हण की बाई. तर ती म्हणली, न्हाई. नुसतं न्हाई. तिला खोटं बोलता येत न्हाई आप्पा, ते सगळं माझ्या वाट्याला आलंय.

व्हय, तसंच. बरोबर धरलंत. दोघा भाऊबहिणीचे पाय एकाच दिवशी कसे काय भरले — माडीवर मी बैठका मारल्या आन् न्हाणीत ती घसरली, हे कुणाला पटायचं? वाटेत गाडीवर मी सगळं जुळवत आलो व्हतो. न्हावऱ्यापर्यंत जुळलं व्हतं बघा, एकदम पक्कं. तुमच्यापुढं बसलो आन् डावा का उजवा तिथंच फसलो. पाणी द्या जरा अजून.

ती पळती, आप्पा. अजून पळती.

थांबा, थांबा — आधी ऐकून घ्या. तुम्हाला मी शब्द दिलता ते मला चांगलं आठवतंय, फोनवर, मी कंपनीच्या गेटवर उभा व्हतो. तुम्ही म्हणला, पोरगी चांगली हाय, शिकलेली हाय, पण पोलीस भरती न् पॅन्ट घालून रस्त्यानं पळणं आमच्या घरात चालायचं न्हाई, ते बंद झालं असंल तरच बघायला येतो. आन् मी म्हणलं, बंद झालं आप्पा, कवाच बंद झालं, माझा शब्द हाय. ते खोटं नव्हतं. तवा खरंच बंद व्हतं. तुमचं स्थळ सांगून आलं तसं नानांनी तिला बसवली, मी बी म्हणलं, झालं एवढं बास. तिनं बूट पुसले, पिशवीत घालून माळ्यावर टाकले, आन् घरात बसली. भांडली न्हाई, रडली न्हाई. रोज पीठ मळायची, धुणं धुवायची, आन् दुपारच्याला ओट्यावर बसून कॅनॉलकडं बघायची. मला वाटलं सुटलं हिचं.

मग भरतीची जाहिरात निघाली. एक दिवस मी दुसरी शिफ्ट न् वर ओव्हरटाइम करून पहाटचा घरी आलो, गाडी बंद केली, तर ही मागच्या दारात. बूट हातात, वाजू नयेत म्हणून. आता तिथं मी काय म्हणायला पायजे व्हतं? घरात जा, म्हणायला पायजे व्हतं. माझा शब्द गेलेला, तुमच्या येण्याची तारीख ठरलेली. घरात जा — एवढंच म्हणायचं व्हतं, ती गेली असती. आन् मी काय म्हणलो? म्हणलो, एकटी जाऊ नको, कॅनॉलला कुत्री असत्यात, थांब, मी येतो. आन् गेलो माझे बूट शोधायला. का म्हणलो ते मला अजून कळलेलं न्हाई.

म्हंजी कळलंय. खोटं कशाला बोलू आता. तिचं तोंड बघून म्हणलो. चोरी करताना धरल्यासारखं तोंड झालं व्हतं तिचं, आन् ती काय चोरत व्हती, तर अर्धा तास पळणं. स्वतःच्या पायानं. आन् दुसरं असं, आप्पा, की मला बी बरं वाटलं. मी कबड्डी खेळायचो, तुम्हाला ठाव नसंल, तालुक्याला आमची टीम फेमस व्हती. लग्न झालं, कंपनी लागली, सगळं गेलं. पहिल्या दिवशी दोघं बी चार पावलात धापा टाकायला लागलो, ती बी महिने महिने बसून व्हती ना, आन् बाभळीखाली वाकून हसत बसलो. किती दिसांनी हसली व्हती ती. मग रोज जायला लागलो. बायकोला सांगितलं, पोट कमी करतोय, बहिणीला कंपनी म्हणून नेतोय. आईला कळलं असंल, पण ती बोलली न्हाई.

आन् शुक्रवारी मी गाढवपणा केला. रविवारी पाव्हणं यायचं हे ठाव असून केला. पळून झालं व्हतं, घरी निघायचं, तर मला खुमखुमी आली. कॅनॉलचा भराव हाय ना, उंच, मुरमाचा, म्हणलं चल शर्यत, वर चढायचं, खाली पळत उतरायचं, जो आधी थांबंल तो हरला. ती म्हणली, दादा, परवा पाव्हणं यायचेत, पाय भरतील. हे तिचे शब्द, आप्पा. तिला कळत व्हतं. मी म्हणलं, भिली का? झालं. तिला भिली म्हणलेलं खपत न्हाई. चढलो, उतरलो, चढलो, उतरलो, मी मागं पडलो की खोटं खोटं वरडायचो, थकली व्हय गं पोलीस? मीच हरलो शेवटी. पण तिचे पाय मी मोडले. त्या पायरीवर तिचं हसं झालं ते माझ्यामुळं, आन् अधू म्हणून बोलणं बसलं ते तिला बसलं. मी भिंतीला टेकून उभा, आन् सगळा तमाशा तिचा.

म्हणून आलो. आता तुम्हाला कळलं ना, दोष न्हाई, पोरगी घोड्यासारखी हाय. हेच सांगायला आलो व्हतो. म्हंजी — हे सांगायचं नव्हतं. पळण्याचं न्हाई सांगायचं असं ठरलं व्हतं. तिला तर ठावच न्हाई मी हितं आलोय, खताच्या गोण्या आणायला जातो म्हणून निघालो. काल मी तिला म्हणलं, मी जातो शिरूरला, आप्पांना समजावतो. तर म्हणली, जाऊ नको. अधू म्हणत्यात तर म्हणू दे. पळते म्हणून कळलं तर सोड म्हणतील, मग नाना म्हणतील सोड, मग आई म्हणंल, आन् मग दादा, तू बी म्हणशील. तू बी म्हणशील — असं म्हणली माझ्याकडं बघून. आन् कणीक मळायला लागली. मला लई लागलं ते. रात्रभर विचार केला, हिचा पाय खोटा ठरवून हिचं लग्न मोडायचं, उद्या दुसरीकडं बी हीच बातमी जाणार, दौंड तालुक्यात काय लपतंय? बहिणीच्या नावाला डाग राहतोय आन् मी गप बसायचं? म्हणून तिचं न ऐकता आलो. आन् येऊन काय केलं, तर तिनं जे सांगू नको म्हणलं नेमकं तेच तुमच्यापुढं मांडून ठेवलं. निस्तरायला आलो व्हतो आप्पा मी.

काय म्हणला?

तवाच वळखलं? रविवारीच? म्हंजी ती तांब्या घेऊन आली तवाच तुम्हाला — व्हय, तुम्हाला न्हाई कळणार तर कुणाला. पैलवानाला भरलेली मांडी कळणारच. मग आप्पा, घरी येऊन आत्याबाई अधू अधू म्हणत व्हत्या तवा तुम्ही त्यांना का न्हाई सांगितलं? तसा निरोप कसा जाऊ दिला? ...बरं. बरं, ऐकतो.

म्हंजी तुमचं म्हणणं असं — कुणीतरी यील आन् खरं सांगंल म्हणून तुम्ही वाट बघत व्हता. आन् ते सांगितलं, तर उद्यापास्नं तिनं पळणं सोडायचं, परत तिकडं बघायचं न्हाई, मग आत्याबाईंची समजूत तुम्ही घालणार, पाय बरोबर हाय म्हणून सगळ्यांना तुम्हीच सांगणार, आन् सुपारी फोडायची. तुमच्या तोंडचं कुणी खाली पडू देणार न्हाई, ते मला ठाव हाय. तुमचे पुतणे ऋतुराज पसंत हायेत आम्हाला, त्यात काय सवाल न्हाई. चांगलं पोरगं हाय. प्रांजलशी बोलले तवा खाली बघून बोलत व्हते, नीट बोलत व्हते. तुमची जमीन, घर, माणसं, सगळं चांगलं हाय. ह्याच्यासाठी तर मी आलो. घरनं निघताना मला कुणी विचारलं असतं की काय घेऊन परत यायचंय, तर हेच सांगितलं असतं.

नुसतं व्हय म्हणायचंय मी. आधी फोनवर म्हणलो व्हतो तसं.

आप्पा, पुढच्या महिन्यात तिचं ग्राउंड हाय, भरतीची पळायची परीक्षा. आन् पुढच्या भरतीला तिचं वय बसत न्हाई. हे शेवटचं हाय. आज पहाटं बी गेलो व्हतो आम्ही. पाय अजून दुखत्यात, पण पळायला लागलं की सुटत्यात हळूहळू. आज ती माझ्या पुढं गेली, लई पुढं, मला तिची नुसती वेणी दिसत व्हती. मी मागनं बघत व्हतो. आन् तिला वाटतंय मी म्हणणार सोड म्हणून. तिला तसं वाटायला मीच कारण हाय, उगाच न्हाई वाटत.

न्हाई, आप्पा. न्हाई सोडणार ती. मी न्हाई सांगणार तिला.

रागावू नका, एक मिनिट. मी एक इचारतो, तुम्हाला पटलं तर बघा. स्थळ मोडलंच हाय ना, मोडू द्या. पण ते पायाचं कशाला? तुम्हाला ठाव हाय पाय चांगला हाय, आन् तुम्ही थोर माणूस हाय, पोरीच्या जातीला तो डाग तुमच्या घरनं लागू नये. आन् पळते म्हणून मोडलं असं बी म्हणू नका, गावात बोंब व्हईल आन् नाना तिला दाराच्या बाहेर पडू देणार न्हाईत. तुम्ही असं सांगा, भाऊ माजुरडा हाय. रविवारी सगळ्यांदेखत आपल्या पाया पडला न्हाई, कंपनीत चार पैसं मिळवतो त्याची मस्ती हाय, असल्या घरची पोरगी नको आपल्याला. खरंच हाय की ते, वाकलो न्हाई मी, सगळ्यांनी बघितलंय. कुणाला पटवून सांगायची बी गरज न्हाई. तुमचा बी मान राहतो, फसलो असं कुणी म्हणत न्हाई. मला माजुरडा म्हणलं तर म्हणू द्या, माझं लग्न झालेलं हाय.

बघा विचार करून. मला लाज वाटती तुमच्याकडं मागायला, शब्द मोडून वर मागतोय. पण दुसरं कुणाकडं मागू?

...आत्याबाई आल्या बघा गोठ्यातनं. दुधाची चरवी घेऊन येत्यात. उठतो मी. न्हाई, हात नका देऊ, त्या बघत्यात — हात दिला तर पाय भरल्याचं कळंल. उठतो माझा मी, खुर्चीला धरून. हां. उठलो.

आज वाकता आलं असतं मला आप्पा. दुखणं उतरलंय बरंच. घरनं निघताना ठरवून आलो व्हतो, गेल्या गेल्या आधी पाय धरायचे, मग बोलायचं. आलो तवा तुम्ही आंघोळीला व्हता, राहिलं. आन् आता धरायचे न्हाईत. तेवढं समजून घ्या. पाय मागं घेऊ नका, तिथंच असू द्या, मी वाकलो न्हाई ते त्यांना दिसू द्या नीट.

राम राम आत्याबाई. न्हाई, बसत न्हाई. न्हाई, पाया बिया पडायची पद्धत न्हाई माझी. जातो मी. येतो न्हाई म्हणलो, जातो म्हणलो.